शाखेसाठी दुसरा मेल सर्व्हर लावताना एमएक्सला हात लावू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुख्य ऑफिसात पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा प्रोग्राम) आणि डव्हकॉटवर (मेलबॉक्स सांभाळणारा प्रोग्राम) मेल चालतो, नव्या शाखेत तीसेक माणसं बसणार आहेत, पत्ते त्याच डोमेनचे हवेत. मग शाखेत दुसरा सर्व्हर उभा करून डीएनएसमध्ये (नावावरून सर्व्हर शोधून देणारी यादी) दुसरा एमएक्स, म्हणजे डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरवर न्यायचा ते सांगणारी नोंद, टाकला की झालं का?

नाही होणार. बाहेरचा सर्व्हर पत्त्यातलं फक्त डोमेन बघतो. कोण कुठल्या ऑफिसात बसतो याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. प्रत्येक एमएक्सला पसंतीचा एक आकडा असतो; बाहेरचा सर्व्हर आधी कमी आकड्याचा एमएक्स गाठतो, तो उचलत नसेल तर पुढचा. दोघांना सारखाच आकडा दिलात तर कुणाचा मेल कुठे येऊन पडेल याचा नेम नाही. शिवाय स्पॅमवाले मुद्दाम मोठ्या आकड्याच्या एमएक्सवर येतात, कारण तिथली गाळणी बहुधा ढिली असते. राहता राहिली मुख्य सर्व्हर बंद पडण्याची भीती. तेवढ्यासाठीही दुसरा एमएक्स लागत नाही. पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, आणि पोस्टफिक्स तर काही न बदलता ५ दिवस धरून ठेवतो.

आता मुळात सर्व्हर हवाच का ते बघा. दोन ऑफिसांमधली लाइन चांगली असेल तर व्हीपीएन (इंटरनेटवरून दोन ऑफिसं जोडणारा खासगी मार्ग) करून शाखेतल्यांना थेट मुख्य सर्व्हरवर आयमॅपने (सर्व्हरवरचा मेलबॉक्स वाचण्याची पद्धत) जोडा आणि विषय संपवा. दुसरा सर्व्हर म्हणजे दुसरा बॅकअप, दुसरा यूपीएस आणि रात्री फोन आला की उठणारं माणूस. दुसरा सर्व्हर परवडतो तो लाइन बारीक किंवा बेभरवशाची असेल तेव्हाच. १० एमबीची फाइल मेलमध्ये बेस६४ होऊन (म्हणजे साध्या अक्षरांत बदलून) साडेतेरा एमबीच्या आसपास जाते. तीस जणांनी ती मुख्य सर्व्हरवरून उतरवली की ४०० एमबी झाले. मेलबॉक्स शाखेत असतील तर पोस्टफिक्स तीस जणांची मिळून एकच प्रत लाइनवरून पाठवतो.

हे गणित तुम्हाला लागू पडत असेल तर मांडणी अशी करा. जगासाठी दार एकच: एमएक्स मुख्य ऑफिसचाच. मुख्य सर्व्हरला सगळ्या कर्मचाऱ्यांचे पत्ते माहीत हवेत, शाखेतल्यांचेसुद्धा. म्हणजे चुकीच्या पत्त्याला तो दारातच नकार देईल. आधी घेऊन मग परत पाठवत बसलात तर खोट्या पत्त्यांवरून आलेल्या स्पॅमची उत्तरं भलत्याच लोकांना जातील. शाखेतल्या प्रत्येकासाठी ट्रान्सपोर्ट मॅपमध्ये (कुणाचा मेल कुठे धाडायचा ही पोस्टफिक्सची यादी) एक ओळ: डावीकडे पत्ता, उजवीकडे एसएमटीपी (सर्व्हर-सर्व्हरमध्ये मेल पाठवण्याची पद्धत) आणि शाखेच्या सर्व्हरचं व्हीपीएनमधलं नाव. ते नाव चौकोनी कंसात लिहायला विसरू नका. कंस नसला की पोस्टफिक्स त्या नावाचा एमएक्स शोधायला निघतो.

शाखेत याच्या उलट. तिथल्या माणसांचा मेल एलएमटीपीने (मेलबॉक्समध्ये मेल टाकण्याची पद्धत) डव्हकॉटकडे, बाकी झाडून सगळा रिलेहोस्ट (पुढे पाठवण्यासाठी मेल ज्याच्याकडे सोपवायचा तो सर्व्हर) म्हणून मुख्य सर्व्हरकडे. शाखा बाहेर थेट काही पाठवतच नाही, त्यामुळे एसपीएफ, डीकेआयएम, पीटीआर (मेल खरंच तुमच्या सर्व्हरचा आहे हे बाहेरच्यांना पटवणाऱ्या व्यवस्था) यांतलं काहीही बदलावं लागत नाही. शाखेच्या ब्रॉडबँडवरून थेट पाठवायचा मोह होईल. तो टाळा, कारण तिथे पोर्ट २५ (सर्व्हर-सर्व्हरमधला मेल ज्यातून जातो ते दार) बहुतेक वेळा बंद असतं आणि उघडं असलं तरी तसल्या आयपीवर कुणी विश्वास ठेवत नाही.

खरी गोम बदलीत आहे. एखादी व्यक्ती शाखेतून मुख्य ऑफिसात आली आणि नोंद फक्त शाखेच्या बाजूला बदलली, की दोन्ही सर्व्हर 'माझ्याकडे नाही, त्याच्याकडे आहे' म्हणत मेल एकमेकांकडे टोलवत बसतात. पोस्टफिक्स रिसिव्ह्डच्या (प्रत्येक सर्व्हर मेलवर मारतो तो शिक्का) ५० ओळी मोजून तो थांबवतो, पण मग पाठवणाऱ्याच्या हाती अगम्य बाउन्स (मेल पोचला नाही असं उत्तर) पडतो. म्हणून यादी एकाच जागी ठेवा, एलडॅप (कर्मचाऱ्यांच्या नोंदींची मध्यवर्ती यादी) असो वा साधा डेटाबेस, आणि दोन्हीकडचे मॅप त्यातूनच तयार होऊ द्या.

फिरतीवरच्या लोकांसाठी मुख्य ऑफिसात डव्हकॉट प्रॉक्सी लावा. लॉगिन झालं की तो ज्याच्या त्याच्या सर्व्हरकडे नेऊन सोडतो. शाखेच्या आतल्या डीएनएसमध्ये प्रॉक्सीच्याच नावाला शाखेच्या सर्व्हरचा स्थानिक आयपी द्या, म्हणजे लॅपटॉपची सेटिंग बदलायला नको. सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं (फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था) असेल तर डीएनएस चॅलेंजने, म्हणजे डीएनएसमध्ये नोंद टाकून नाव आपलं असल्याचं दाखवून, काढा. शाखेचा सर्व्हर बाहेरून दिसत नाही, त्यामुळे पोर्ट ८० वरची पडताळणी तिथे चालणार नाही.

सगळ्यांना हलवण्याआधी एकच मेलबॉक्स शाखेत न्या आणि व्हीपीएन मुद्दाम तोडा. दोन्हीकडून मेल पाठवा, मेलक्यूमध्ये (पोस्टफिक्सची रांग दाखवणारी आज्ञा) ते अडकलेले दिसले पाहिजेत. लाइन जोडली की थोड्या वेळात रांग आपोआप रिकामी व्हायला हवी. मेल अडकल्याचं पोस्टफिक्स आपणहून पाठवणाऱ्याला कळवत नाही, तेव्हा उशिराच्या इशाऱ्याची वेळ ४ तासांवर लावून घ्या.