'ग्रो' या इंग्रजी क्रियापदाचा नेमका अर्थ काय? कुठे वापरायचं?

पुढे कर्म असेल तर 'पिकवणं', नसेल तर 'वाढणं' किंवा 'येणं'. 'फार्मर्स ग्रो बनानाज इन रावेर' म्हणजे रावेरचे शेतकरी केळी लावतात. 'कॉटन ग्रोज वेल हिअर' म्हणजे इथे कपाशी चांगली येते.

घोळ मराठीमुळेच होतो. आपण शेतातही केळी पिकवतो आणि व्यापाऱ्याच्या खोलीतही. खोलीतलं पिकवणं 'रायपन', तिथे 'ग्रो' लिहिलं की अर्थच बदलतो.

भूतकाळ 'ग्रू', तिसरं रूप 'ग्रोन'. ('ग्रोड' असं काही नसतं.) 'ग्रो अप' लहानाचं मोठं होण्यासाठी: 'शी ग्रू अप इन धुळे'. कपाशीला 'अप' लावू नका. म्हशी पाळायला 'ग्रो' नाही, 'रेझ' किंवा 'कीप'. दाढी वाढवायला मात्र 'ग्रो'च.