जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणताना वेलांट्या आणि रफार का बिघडतात?

प्रश्न असा आहे: मंडळाच्या दिवाळी अंकांच्या वीसेक वर्षांपूर्वीच्या फायली जुन्या फॉन्टमध्ये आहेत, युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढल्या की वेलांट्या आणि रफार भलतीकडे जातात. कोणता कन्व्हर्टर चांगला? की सरळ पीडीएफ करून ठेवावी?

पीडीएफवर थांबू नका. जुन्या फॉन्टची पीडीएफ दिसते छान, पण तिच्यातला परिच्छेद कॉपी करून बघा, हाती रोमन अक्षरांचा कचरा येईल. त्या पीडीएफमध्ये लेखकाचं नाव शोधून सापडत नाही. शोधता न येणारा अंक कपाटात पडलेल्या अंकाइतकाच अडगळीत जातो.

कन्व्हर्टर निवडण्याआधी बिघाड कुठून येतो ते समजून घ्या. श्रीरामपूरला १८०५ मध्ये विल्यम केरीचं मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांत छापलं गेलं, तेव्हापासून जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा कामगार, अक्षरं दिसतील त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे लावत आला. संगणकावरच्या जुन्या फॉन्टांनी तीच रीत उचलली. रोमन अक्षरांच्या जागी अर्धा ग, काना, वेलांटी, रफार असे तुकडे बसवले. फाईलमध्ये खरी साठवण रोमन अक्षरांचीच, मराठी फक्त दिसते. म्हणून फॉन्ट बदलला की मराठी गायब.

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिची देवनागरी इस्की या भारतीय लिप्यांसाठीच्या जुन्या संगणकीय प्रमाणावरून घेतलेली आहे आणि तिच्यात साठवण उच्चाराच्या क्रमाने होते. 'मार्मिक' घ्या. जुन्या फॉन्टमध्ये साधारण क्रम असा: म, काना, वेलांटी, म, रफार, क. युनिकोडमध्ये: म, काना, र, हलन्त (पाय मोडल्याची खूण), म, वेलांटी, क. म्हणजे कन्व्हर्टरने वेलांटी उचलून व्यंजनाच्या नंतर न्यायची आणि रफार उचलून व्यंजनाच्या आधी आणायचा. अडतं ते इथेच. 'स्थिती'मध्ये वेलांटी अर्धा स आणि थ अशा दोघांना ओलांडून जायला हवी. कन्व्हर्टरने एकच तुकडा ओलांडला तर 'स्िथती' होतं. 'सर्वांना'मध्ये रफार आणि अनुस्वार बऱ्याच फॉन्टांत एकाच तुकड्यात असतात. तो फोडून अनुस्वार जागेवर ठेवायचा आणि रफार काना ओलांडून व च्याही आधी न्यायचा. ग, ण, श यांचा दंड आणि काना एकच तुकडा असेल तर 'ग्ा' असं अर्धवट अक्षर उरतं.

आणि 'दर्या' व 'दऱ्या'. हा फरक हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले कन्व्हर्टर सर्रास पुसून टाकतात आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा समुद्र करून ठेवतात. मराठीच्या बाबतीत ही क्षुल्लक चूक मानणाऱ्याचं कन्व्हर्टर वापरूच नये.

त्यामुळे 'सगळ्यात चांगला कन्व्हर्टर' असा नसतोच. तुमच्याच फॉन्टसाठी, नावानिशी केलेला, कोणत्या तुकड्याचं कोणतं अक्षर ते सांगणारा तक्ता त्यात हवा. एकाच कंपनीच्या दोन फॉन्टमालिकांतही तुकड्यांच्या जागा वेगळ्या असतात. आधी वर्डमध्ये मजकूर निवडून फॉन्टचं नेमकं नाव बघा. मग मार्मिक, स्थिती, सर्वांना, मूर्ती, दऱ्या, दर्या, शृंगार, ज्ञानेश्वरी, क्षत्रिय, डॉक्टर एवढे शब्द त्याच जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून कन्व्हर्टरला द्या. यात दोनपेक्षा जास्त शब्द चुकले तर दुसरा शोधा.

मजकूर नोटपॅडमध्ये ओतून बदलू नका. फॉन्टची माहिती तिथेच मरते आणि मधले खरे इंग्रजी शब्दही कन्व्हर्टर मराठी समजून चिरडतो. वर्डची फाईलच घ्या आणि फक्त त्या फॉन्टमधला मजकूर बदला. नंतर वर्डसारख्याच लिबरऑफिसमध्ये शोधाच्या चौकटीत रेग्युलर एक्स्प्रेशन (अक्षरांच्या नमुन्यावरून शोधायची सोय) चालू करून हलन्तानंतर लगेच आलेला काना किंवा वेलांटी, आणि शब्दाच्या सुरुवातीची वेलांटी शोधा. बिघाडाचा मोठा भाग तिथेच सापडतो. ऱ्या आणि ॲ दोन-दोन तऱ्हांनी साठवलेले असू शकतात, ते एका तऱ्हेवर आणा, नाहीतर डोळ्यांना सारखा दिसणारा शब्द शोधात निसटेल. काही ठिकाणी मूळ फाईलच बिघडलेली असते. वर्डचा ऑटोकरेक्ट वाक्यारंभीचं छोटं रोमन अक्षर मोठं करायचा आणि मराठीत तिथे वेगळाच तुकडा उमटायचा. त्याला कन्व्हर्टर काही करू शकत नाही.

आता छपाईवाल्यांचं ठरलेलं वाक्य: "युनिकोड स्क्रीनला ठीक, छपाईत अक्षरं फुटतात." हे ऐकून मंडळं आजही नवा अंक जुन्या फॉन्टमध्ये लावतात आणि पुढच्या पिढीसाठी हीच कटकट पेरतात. पानं लावायच्या जुन्या पेजमेकर सॉफ्टवेअरमध्ये फुटतात हे खरं, कारण त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची आहे आणि युनिकोड त्याला कळतच नाही. पानं लावायच्याच इनडिझाइनमध्ये मात्र सीएस ६ या आवृत्तीपासून सोय आहे. परिच्छेदाच्या पॅनेलच्या मेनूत 'अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडा आणि मजकुराची भाषा मराठी करा. नेहमीचा कंपोझर (अक्षरं आणि ओळी जुळवणारा भाग) ठेवला तर वेलांटी मागे पडते, जोडाक्षरं सुटी होतात, आणि दोष युनिकोडवर येतो. भाषा मराठी केल्यावर, फॉन्टमध्ये सोय असेल तर, ल आणि श सुद्धा मराठी वळणाचे येतात. 'नोटो सान्स देवनागरी'मध्ये ती सोय आहे आणि तो फुकट मिळतो.

मूळ फाईल हरवून फक्त छापील अंक उरला असेल तर ३०० डीपीआयला स्कॅन करा, गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्सने उघडा. दोन स्तंभांचं पान असेल तर आधी स्तंभ कापून वेगळे करा, नाहीतर ओळी एकमेकींत घुसतात.

कविता आणि व्याकरणाचे लेख मात्र यंत्रावर सोडू नका. तिथे मुद्दाम लिहिलेला सुटा हलन्त 'चूक' म्हणून पुसला जातो, तेवढी पानं छापील प्रतीशी ताडून वाचा. मूळ फायली आणि जुना फॉन्टही जपून ठेवा, ताडताना दोन्ही लागतील.