घरी केलेले फ्रिज मॅग्नेट पडतात का, आणि त्यासाठी माती कोणती वापरावी?

तुमचे प्रश्न दोन आहेत. मॅग्नेटसाठी माती कोणती घ्यायची, आणि घरी केलेलं मॅग्नेट चार दिवसांत घसरायला का लागतं, किंवा ओढलं की चुंबक दाराला आणि नक्षी हातात असं का होतं. मी सांगलीत राहते. उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीतली मुलं जमवून हेच उद्योग चालतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. दुसरा प्रश्न आधी घेते, कारण आकार आणि रंग कुणालाही जमतात, सगळं अडतं ते मागच्या बाजूला.

पहिल्यांदा फ्रिजचं दार तपासा. हल्ली काचेच्या दाराचे फ्रिज आलेत, त्यांच्यावर चुंबक धरत नाही किंवा जेमतेम धरतं. स्टीलचं दार असेल तरी प्रत्येक स्टीलला चुंबक चिकटतंच असं नाही. 430 जातीच्या स्टीलला चिकटतं, 304 ला नाही. अशा वेळी फ्रिजच्या बाजूचा रंगवलेला पत्रा बघा, तो बहुतेक लोखंडी असतो.

आता चुंबक. गॅस एजन्सी किंवा दवाखान्याची जाहिरात छापलेलं रबरी चुंबक घरात असतंच. त्याची फक्त एकच बाजू जोरात धरते. तसे दोन तुकडे समोरासमोर धरून सरकवा, बोटांना टकटक असे खाचे जाणवतील. त्याच्या पोटात उत्तर-दक्षिण ध्रुवांचे बारीक पट्टे आळीपाळीने असतात, त्यामुळे असं होतं. फोटो किंवा पुठ्ठ्याच्या चित्रामागे ते चालतं, मातीच्या वजनाला नाही. मातीसाठी काळी फेराइटची चकती किंवा चकचकीत निओडिमियमची चकती घ्या. फेराइट स्वस्त असतं, पण जोर कमी असल्यामुळे मोठी चकती लागते. निओडिमियमची 8-10 मिलिमीटरची, 3 मिलिमीटर जाडीची चकतीसुद्धा मातीच्या फुलासकट दोन-चार कागद धरून ठेवते.

घसरण्याचं खरं कारण बहुतेक वेळा अंतर असतं. चुंबक आणि पत्रा यांच्यात जरा जरी फट राहिली तरी ओढ झपाट्याने कमी होते. म्हणून चुंबकावर कापड, कागद, रंगाचा जाड थर काही नको. चकती मातीत खोल बसवू नका, मातीपेक्षा केसभर वर राहिली पाहिजे. लांबट आकाराला एकच चुंबक मधोमध लावलं की तो गोल फिरतो, तिथे दोन टोकांना दोन लावा. पण एकाचा गोंद पक्का वाळल्याशिवाय दुसरं लावू नका, नाहीतर दोन्ही उडी मारून एकमेकांना चिकटतात आणि गोंद सगळीकडे फासला जातो.

गोंदाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. फेविक्विक घाईला ठीक आहे, पण वाळल्यावर तो कडक, ठिसूळ होतो आणि रोज ओढून काढलेल्या मॅग्नेटचा जोड सुटतो. दोन नळ्यांतून समप्रमाणात काढून कालवायचा अ‍ॅरल्डाइट वापरा. निओडिमियमवर गुळगुळीत निकेलचा मुलामा असतो, म्हणून चिकटवायची बाजू आधी पॉलिश पेपरवर घासून खरबरीत करा, पुसा आणि मग लावा. रात्रभर हात लावायचा नाही.

मातीसाठी एक वाटी कॉर्नफ्लोअर, एक वाटी फेविकॉल, चमचाभर तेल, चमचाभर लिंबाचा रस. जेवणासाठी परत वापरायची नाही अशा नॉनस्टिक कढईत मंद आचेवर ढवळत राहा. मिश्रण आधी गुठळ्या धरतं, मग मोदकाच्या उकडीसारखं कडा सोडून गोळा होतं, तेव्हा लगेच उतरवा. जास्त शिजलं तर भेगा पडतात. कोमट असतानाच तेलाच्या हाताने मळा आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. ही माती सुकताना आकसते, त्यामुळे चुंबकासाठी ओल्या मातीत खळगा केलात तर तो चकतीपेक्षा थोडा मोठा ठेवा. मिठाची कणीक मात्र टाळा, पावसाळ्यात मीठ ओल ओढतं आणि वस्तू मऊ पडते. बाजारची पॉलिमर क्ले ओव्हनमध्ये भाजावी लागते, तेव्हा चुंबक भाजून झाल्यावरच चिकटवा, कारण साधं निओडिमियम 80 अंशांच्या वर तापलं की त्याचा जोर कायमचा कमी होऊ शकतो.

आकार आपल्या भागातले घ्या, ते बघायलाही मजा येते. आमच्याकडे मुलांचं आवडतं हळकुंड. पिवळ्या रंगासाठी मातीत हळद कालवायचा मोह होतो, पण हळदीचा रंग उजेडात उडतो, त्यापेक्षा अ‍ॅक्रिलिक रंग द्या. मी स्वतः बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी मिरजेचा तंबोरा करते. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे तो देताना सांगायलाही चार गोष्टी असतात. भोपळा सोपा असतो, दांडी मात्र उचलताना मोडते, म्हणून आत तारेचा तुकडा घालते आणि तारांसाठी टोकदार सुईने रेघा ओढते. चार तारा, चार खुंट्या. तेवढं जमलं की लांबूनही तंबोरा ओळखू येतो. चुंबक एक भोपळ्यामागे, एक दांडीच्या वरच्या टोकाला. सगळं चिकटवून झालं की चुंबकाचं तोंड सोडून मागून-पुढून वॉर्निशचे दोन हात.

घरात लहान मूल असेल तर निओडिमियम वापरूच नका, मोठी फेराइटची चकती घ्या. दोन चुंबकं पोटात गेली तर ती आतड्याच्या दोन भिंती मधे धरून चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकतं. तसं झाल्याची शंका आली तरी उलटीची वाट न बघता तडक दवाखाना गाठायचा. कुणाला पेसमेकर बसवला असेल तर त्यांनी ही चुंबकं छातीपासून किमान 15 सेंटिमीटर लांब ठेवावीत, खिशात तर घालूच नयेत.