मोकळा रस्ता सुरक्षित असतो का? महासाथ आणि अपघात : वाचकांचे प्रश्न

कोरोनाच्या काळात रस्ते सुरक्षित झाले होते, हा एकच समज जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून येणाऱ्या पत्रांत निरनिराळ्या शब्दांत सतत दिसतो. अपघातातील जखमींवर शस्त्रक्रिया करणे हे माझे काम असल्यामुळे त्यांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मास्क लावून गाडी चालवल्याने ऑक्सिजन कमी पडून चक्कर येते व अपघात होतो, असे ऐकले. खरे आहे का? (पाचोरा)

नाही. चष्म्यावर वाफ धरत असेल तर मास्क नाकावर नीट बसवावा, आणि चक्कर येतच असेल तर तिचे कारण डॉक्टरांकडून शोधून घ्यावे.

प्रश्न : टाळेबंदीत वाहने थांबली आणि अपघात घटले. मग गर्दी हेच अपघातांचे मूळ कारण नव्हे काय? (अमळनेर, शिक्षिका)

अपघात घटले हे खरे, पण तेवढ्यावर थांबल्याने फसगत होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालांनुसार 2019 मध्ये देशात सुमारे 4 लाख 49 हजार अपघातांत 1 लाख 51 हजार माणसे दगावली, तर 2020 मध्ये सुमारे 3 लाख 66 हजार अपघातांत 1 लाख 32 हजार. म्हणजे अपघात सुमारे 18 टक्क्यांनी कमी झाले, मृत्यू मात्र जेमतेम 13 टक्क्यांनी, आणि दर शंभर अपघातांमागे मरणाऱ्यांची संख्या 34 वरून 36 वर गेली. अमेरिकेत तर त्या वर्षी वाहने कमी धावूनही रस्त्यांवरील मृत्यू आदल्या वर्षापेक्षा वाढले. अतिवेग, मद्यपान आणि सीटबेल्ट न लावणे ही कारणे तेथील सरकारी यंत्रणेने नोंदवली आहेत.

गर्दीत गाड्या एकमेकींना घासतात, पण वेग कमी असल्यामुळे माणूस बहुधा वाचतो. रस्ता मोकळा मिळाला की सुरत–धुळे–नागपूर महामार्गावर किंवा शिरपूरहून पळासनेरकडे जाताना चालकाचा पाय आपोआप दाबला जातो. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात 22 मीटर पुढे जाते, आणि वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. ती ऊर्जा शेवटी मांडीचे हाड, बरगड्या आणि मेंदू यांनाच सोसावी लागते. टाळेबंदी उठली तरी मोकळ्या रस्त्यावर अंगवळणी पडलेला वेग सुटत नाही, ही माझी सर्वांत मोठी काळजी आहे. देशात 2021 मध्ये 1 लाख 53 हजारांहून अधिक आणि 2022 मध्ये 1 लाख 68 हजारांहून अधिक मृत्यू झाले, म्हणजे 2019 चा आकडा आपण मागे टाकला आहे.

एसटी आणि रेल्वे बंद असताना मजूर मालवाहू गाड्यांवर बसून गावी निघाले, हेही विसरता येत नाही. ही पद्धत महासाथीने आणलेली नाही आणि तिच्याबरोबर गेलेलीही नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटून त्यावर बसलेले मजूर दगावले. शेतमालाच्या ढिगावर माणसे बसवणाऱ्या गाडीमालकाला गावाने अडवले पाहिजे.

प्रश्न : मी केळीचा ट्रक चालवतो. कोरोनात रुग्णालयात होतो. तेव्हापासून लवकर थकवा येतो, कधी चालवताना लक्ष उडते. मालक म्हणतो, गाडी घेऊन निघ. (रावेर)

तपासणी होईपर्यंत स्टिअरिंगला हात लावू नका. रक्तातील ऑक्सिजन, हृदय, फुप्फुसे, साखर आणि झोप यांची तपासणी फिजिशियनकडून करून घ्या आणि ते सांगतील तेव्हाच कामावर परता. शक्तिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींनी लक्ष उडणे थांबत नाही. परवान्यासाठी लागणारे वैद्यकीय प्रमाणपत्र दलालाकडून न तपासता मिळवू नका; त्या कागदाने परवाना मिळेल, पण रात्रीच्या घाटात तो तुम्हाला जागे ठेवणार नाही.

प्रश्न : लसीमुळे गाडी चालवताना झटका येतो म्हणे? (धरणगाव)

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 18 ते 45 वयोगटातील आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध केला, त्यात लसीमुळे असा धोका वाढल्याचे आढळले नाही. पूर्वी कोरोनासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागलेल्यांत मात्र धोका जास्त दिसला. छातीत दुखत असेल तर मोबाइलवरचे संदेश वाचत बसू नका, त्याच दिवशी ईसीजी काढा.

प्रश्न : 2020 मध्ये दुचाकीवरून पडलो. संसर्गाच्या भीतीने रुग्णालयात न जाता हाडवैद्याकडून पट्टी बांधून घेतली. पाय वाकडा जुळला आहे. आता काही होईल का? (शहादा)

बहुधा होईल. वाकडे जुळलेले हाड शस्त्रक्रियेने पुन्हा सरळ करता येते, पण सांधा किती झिजला आहे हे एक्स-रे आणि प्रत्यक्ष तपासणीनंतरच सांगता येईल. म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांना लवकर भेटा आणि आणखी एक वर्ष घालवू नका. भीती समजण्यासारखी होती, तरीही न तपासता आवळून बांधलेल्या पट्टीने रक्तप्रवाह थांबून पाय कापावा लागू शकतो. डोक्याला मार लागून नंतर उलट्या, झोपाळूपणा किंवा वाढती डोकेदुखी जाणवली, तर साथ असो वा नसो, 108 ला फोन करून ताबडतोब रुग्णालय गाठावे.

प्रश्न : महामार्गालगत दोनशे रुपयांत मिळणारे हेल्मेट चालेल का? (साक्री)

नाही; भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह असलेलेच घ्या, हनुवटीखालचा पट्टा लावा आणि एकदा अपघातात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नका.