कार्बनचा रॉड असताना हाताने बनवलेला फायबरग्लासचा फ्लाय रॉड कशाला?

ठाण्यात राहता, तलावावर चिलापी धरायची आहे म्हणता, तर फायबरग्लास नक्की बघा. फ्लाय म्हणजे पिसं-दोऱ्याचा नकली किडा बांधलेला गळ, त्याला स्वतःचं वजन जवळजवळ नसतंच. आपण फेकतो ती जाड लाइन, म्हणजे दोरी, आणि तिच्या वजनाने रॉड वाकतो. कार्बनचा ताठ रॉड नीट वाकायला बरीच लाइन बाहेर काढावी लागते. फायबरग्लासचा वीस-पंचवीस फुटांतच छान वाकतो. शिवाय माशाचा झटका रॉडच पचवतो, त्यामुळे लाइनच्या टोकाचा बारीक तंगूस सहज तुटत नाही. पावशेराची चिलापीसुद्धा चांगलाच दम काढते!

1970 च्या दशकात कार्बन आला आणि हे रॉड मागे पडले. आता ते टिकलेत ते बरेचसे हौशी कारागिरांमुळे. कॉर्कची मूठ तुमच्या पंजाच्या मापाने घासून देतात. लाइन ज्यांतून जाते त्या कड्या रेशमी दोऱ्याने बांधून वर व्हार्निशचे हात देतात. नुसत्या रेशमावर व्हार्निश बसलं की दोरा पारदर्शक होतो आणि खालचा कडीचा पाय दिसतो. मला तरी तेवढ्यासाठी पैसे मोजावेसे वाटतात.

वाशीच्या खाडीवर मात्र नको. समोरून वारा आला की याची लाइन मागे पडते, तिथे कार्बनच बरा. तलावासाठी साडेसात फुटी, 4 किंवा 5 वेटचा (वेट म्हणजे लाइनच्या वजनाचा क्रमांक) घ्या, आणि गळ टाकायला परवानगी आहे का ते आधी विचारा.