वाचकांचे प्रश्न: बॅण्डचे पोर्ट पोटावर नेमके कुठे बसवावे?

प्रश्न : मी मेलबर्नला राहते, वय ३४. वजन कमी करण्यासाठी जठराला बॅण्ड लावून घेण्याचे ठरले आहे. सर्जन म्हणाले, ‘पोर्ट डाव्या बाजूला बसवू, त्याची चिंता नको.’ पण मी ऑफिसला पँट घालते, एरवी सलवार किंवा साडी. डाव्या कुशीवर झोपते. दोनेक वर्षांत दुसरे मूलही हवे आहे. जागेबद्दल मी काही बोलू शकते का? काय विचारू?

उत्तर : जरूर बोला, आणि भूल देण्याच्या टेबलावर नव्हे, आधीच्या भेटीत बोला. बॅण्ड म्हणजे जठराच्या वरच्या भागाला आवळणारी सिलिकॉनची कडी. तो आत दिसेनासा होतो. रोज हाताला लागते ते पोर्टच.

पोर्ट म्हणजे मोठ्या नाण्याएवढी चकती. वरच्या बाजूला सिलिकॉनचा जाड पडदा, खाली कडक तळ, आणि बॅण्डपर्यंत जाणारी बारीक नळी. पडद्यातून सुई घालून सलाईन भरले की बॅण्ड आवळतो, काढले की सैल होतो. मॉडेलनुसार बॅण्डमध्ये ४ ते १४ मिलि मावते. पहिले भरणे साधारण चार ते सहा आठवड्यांनी होते. पुढे पहिल्या वर्षात बऱ्याच वेळा अर्धा-एक मिलिचे फेरफार करावे लागतात, म्हणून सुईला पोर्ट सहज सापडणे ही सर्जनची गरज असते. कपडे, झोप आणि गरोदरपण ही तुमची गरज. दोन्हींचा मेळ घालायचा आहे.

सर्वाधिक वापरली जाणारी जागा म्हणजे डाव्या बरगड्यांच्या खाली, पोटाच्या सरळ स्नायूवरचा चिवट पडदा. तुमच्यासाठी आम्हीही हीच सुचवू, पण दोन अटींवर. बरगडीच्या कडेपासून निदान तीन बोटे अंतर हवे, नाहीतर खाली वाकताना पोर्ट हाडावर आपटते. आणि ते सलवारीच्या नाडीच्या व पँटच्या पट्ट्याच्या बरेच वर राहिले पाहिजे. छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी चरबी पातळ आणि खाली आधार कडक, त्यामुळे तिथे पोर्ट चटकन सापडते, सर्जनना ते सोयीचे. पण वजन उतरल्यावर तिथला उंचवटा ठळक दिसतो आणि ब्राची पट्टी नेमकी त्यावर घासते. बेंबीजवळची जागा व्रण लपवण्यासाठी मागितली जाते. तुम्ही मात्र ती टाळा: नाडी तिथेच बसते, बसल्यावर चरबीची घडी पडते, आणि गरोदरपणात पोट तिथेच सर्वाधिक ताणते. गरोदरपणात गरजेनुसार बॅण्ड सैल करता येतो, त्यासाठीही पोर्ट हाताशी असलेले बरे.

डाव्या कुशीचे म्हणाल तर पहिले काही आठवडे दुखते, पुढे बहुतेकांना सवय होते. रोज पोटावर पालथे झोपणाऱ्यांनी मात्र हे सर्जनला आवर्जून सांगावे.

खूण कशी करायची, यात खरी मेख आहे. पोर्ट त्वचेला नाही, स्नायूवरच्या चिवट पडद्याला शिवतात. पडदा जागचा हलत नाही. त्वचा आणि चरबी उभे राहिल्यावर खाली ओघळतात आणि वजन घटल्यावर आणखी सरकतात. म्हणून नेहमीचे कपडे घालून उभ्याने, बसून आणि वाकून पट्टा कुठे येतो ते पेनाने आखून घ्या. मग आडवे झाल्यावर बरगडी आणि बेंबीपासूनचे अंतर मोजून लिहायला सांगा. नुसत्या त्वचेवरच्या ठिपक्यावर विसंबू नका.

आता प्रश्न. पोर्ट कशाने धरणार? स्नायूवरच्या पडद्यात घातलेले, न विरघळणारे चार टाके किंवा त्यासाठीचे खास अंकुश असावेत. टाके चरबीतच अडकले तर वजन उतरताना पोर्टभोवतीची पोकळी सैल होते आणि पोर्ट कलंडते, कधी पूर्ण उलटते. मग सुई कडक तळावर अडकते आणि ते सरळ करायला पुन्हा छोटी शस्त्रक्रिया लागते. पोर्ट शस्त्रक्रियेच्या छेदाच्या अगदी खाली येणार की बाजूला? बाजूलाच हवे, कारण जखम उघडली तर पोर्ट उघडे पडते आणि पुढे प्रत्येक सुई व्रणातून जाते. नळी कुठल्या दिशेने निघणार? ती मोठ्या वळणाने आत जावी, दुमडू नये. तिची दिशा कागदावर असेल तर सुई मारणारा त्या बाजूला टोचत नाही. नळीला भोक पडण्याचे नेहमीचे कारण हेच. मागे ५ मिलि भरलेले आणि आज ३ च निघाले, शिवाय भूकही वाढली, तर गळती समजा.

चरबीचा थर जाड असेल तर लांब सुई आणि एक्स-रे यंत्राची सोय दवाखान्यात आहे का, हेही विचारा. घरी परतताना बॅण्डचे मॉडेल, क्रमांक, भरलेले सलाईन आणि पोर्टची जागा लिहिलेले कार्ड हातात हवे. पुण्या-मुंबईला सुट्टीवर आलात आणि पाणीही उतरेनासे झाले, तर इथल्या डॉक्टरला तेच कामाला येईल.

एक आगंतुक सल्लाही. बॅण्ड १९९३ पासून दुर्बिणीने बसवला जातो आणि तुमच्या शहरात त्यावर भरपूर काम झाले, पण जगभर त्याचा वापर झपाट्याने घटला आहे. पुढे तो काढावा लागणाऱ्यांची संख्या लहान नाही. ‘स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून त्याची नळी करणे) किंवा बायपास (जठराचा बराचसा भाग वगळून अन्न थेट आतड्यात वळवणे) का नको?’ याचे समाधानकारक उत्तर मिळाल्याशिवाय सही करू नका.

प्रश्न : आईने २०११ मध्ये परदेशात बॅण्ड बसवला. आता पोर्टची जागा लाल झाली असून पू येतो. अँटिबायोटिकने थांबते, पुन्हा सुरू होते. फॅमिली डॉक्टर सुई घालून बघू म्हणतात. (सांगली)

उत्तर : सुई घालू देऊ नका, संसर्ग नळीतून आत ढकलला जाईल. इतक्या वर्षांनी पोर्टला संसर्ग झाला तर पहिली शंका पोर्टवर नव्हे, बॅण्डवर घ्यायची. बॅण्ड जठराची भिंत झिजवून आत शिरला की जंतू नळीवरून थेट त्वचेपर्यंत येतात. जेवणाचा अटकाव अचानक गेला असेल आणि वजन वाढत असेल तर शंका अधिकच बळावते. या आठवड्यातच वजन घटवण्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या (बॅरिएट्रिक) सर्जनकडून एंडोस्कोपी करून घ्या. बॅण्ड आत शिरला असेल तर नुसते पोर्ट काढून भागत नाही, बॅण्डही काढावा लागतो.

पुढे कधीही निरोगी पोर्टमध्ये सुई घालायची झाली तर ती ह्यूबर सुईच हवी. साध्या इंजेक्शनच्या सुईने पोर्टच्या सिलिकॉन पडद्याचा बारीक तुकडा कापला जातो आणि तिथून गळती लागते.

प्रश्न : माझी स्लीव्ह शस्त्रक्रिया होणार आहे. पोर्ट कायम राहते का? (नागपूर)

उत्तर : स्लीव्हमध्ये आणि नेहमीच्या बायपासमध्ये असे पोर्ट बसवतच नाहीत. दुर्बिणीसाठी पोटावर साधारण ५ ते १५ मिलिमीटरची काही छिद्रे पाडतात, त्यांनाही पोर्ट म्हणतात. ती शिवली की काम संपले.

प्रश्न : बॅण्ड असताना एमआरआय चालतो का? (ठाणे)

उत्तर : बहुतेक बॅण्डना ठरावीक अटींवर चालतो. अटी मॉडेलनुसार बदलतात, म्हणून तपासणीची वेळ घेतानाच कार्ड दाखवा. पोर्टच्या धातूमुळे त्या भागाची प्रतिमा मात्र अंधूक येऊ शकते.