तो माझ्याकडे बघत नाही

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारी ख्रिस्ती मुलंमुली एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. कुणाचा रंग काळा असतो, कुणाला कोड असतं, कुणाचे दात पुढे असतात. त्याचं मनाला लागतं, आणि लागतं याचीच त्यांना लाज वाटते. ‘प्रभू इतका नम्र होता, त्याने कधी रूपाची पर्वा केली नाही. मग मलाच का एवढं वाटतं? हा गर्व आहे का?’ या प्रश्नाला थेट उत्तर देण्याऐवजी मी एका मुलीबद्दल सांगते. तिला विचारून सांगतेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि नाव घेत नाही.

ती सव्वीस वर्षांची, एका लॅबमध्ये रक्त तपासणारी. आईबरोबर आली तेव्हा तोंडाला स्कार्फ होता. पुण्यात गाडीवरून येणाऱ्या निम्म्या मुली तशाच येतात, म्हणून मला काही वेगळं वाटलं नाही. पण खुर्चीत बसली, पाणी प्यायली, तरी स्कार्फ सुटेना. पाणीसुद्धा तिने स्कार्फ किंचित वर करून प्यायलं.

सहा वर्षांची असताना स्टोव्हवरचं उकळतं पाणी तिच्या अंगावर सांडलं होतं. डावा गाल, हनुवटी आणि मान. ही हकिगत आईने सांगितली, तीही जमिनीकडे बघत. मुलगी तेवढा वेळ खिडकीबाहेर पाहत होती.

येण्याचं निमित्त एका स्थळाचं होतं. चर्चच्या मंडळीतलंच कुटुंब, फोटोवर पसंत पडलेली मुलगी. फोटो अर्थातच उजव्या बाजूने काढलेला. घरी आल्यावर मुलाच्या आईने चहा अर्धा ठेवला आणि ‘प्रार्थना करून कळवतो’ म्हणून सगळे उठले. कळवलं नाही. असं तिसऱ्यांदा झालं होतं. तेही तिने सोसलं असतं, असं ती म्हणाली. पण पुढच्या रविवारी उपासनेनंतर एका वडीलधाऱ्या बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, ‘वाईट वाटून घेऊ नकोस गं. देवाने तुला नम्र राहायला असं ठेवलंय.’

त्या दिवसापासून तिने क्वायर, म्हणजे चर्चमधलं गायनपथक, सोडला. शेवटच्या बाकावर बसायला लागली, मग तेही बंद झालं.

त्या बाईंच्या मनात वाईट नव्हतं, हे मला मान्य आहे. तरीही अशा वाक्यांनी जितकी माणसं मोडताना मी पाहिली आहेत, तितकी उघड टिंगलीने मोडताना पाहिलेली नाहीत. टिंगल करणारा निदान देवाला साक्षीला बोलावत नाही.

पहिल्या भेटीत मी तिला सरळ विचारलं, ‘मरावंसं वाटतं का?’ हे विचारल्याने कुणाच्या डोक्यात विचार घुसत नाही. उलट बहुतेकांना सुटल्यासारखं होतं. ती म्हणाली, ‘मरावंसं नाही, पण दिसू नये असं वाटतं.’ झोप, जेवण, कामावर जाणं नीट चालू होतं. ते बिघडलेलं असतं तर मी तिला आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. हे वाचणाऱ्या कुणाची रात्र जात नसेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येतं.

मग ती घरातल्या तसबिरीबद्दल बोलली. टीव्हीच्या वर आजीच्या वेळेपासूनची येशूची तसबीर होती. लांब तपकिरी केस, गोरा चेहरा, कपाळावर उजेड. ही तसबीर तुम्ही पाहिलेली असणार. शिकागोच्या वॉर्नर सॉलमन नावाच्या चित्रकाराने ती १९४० साली रंगवली. तिच्या पन्नास कोटींहून अधिक प्रती छापल्या गेल्या असं सांगतात. त्या चित्रातला येशू समोर बघत नाही. मान किंचित वळवून तो बाजूला, वर कुठेतरी पाहतो.

‘लहानपणी मी त्या तसबिरीसमोर उभी राहून इकडून तिकडून बघायचे,’ ती म्हणाली. ‘कुठेही उभी राहिले तरी तो माझ्याकडे बघत नाही. मला वाटायचं, माझा गाल बघून त्याने मान वळवली.’

वीस वर्षं हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

इथे माझ्या हातून चूक झाली. ऐकून मी हलले, आणि हललेल्या माणसाने करू नये ते केलं: घाईने उत्तर दिलं. टेबलावरचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं आणि यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा त्रेपन्नावा अध्याय काढला. ख्रिस्ती लोक ज्या दुःखी सेवकात येशूला पाहतात, त्याचं तिथलं वर्णन दुसऱ्या वचनात आहे. त्याला रूप नव्हतं, शोभा नव्हती, पाहून आवडावं असं काही सौंदर्य त्याच्यात नव्हतं. मी वाचून दाखवलं आणि आशेने तिच्याकडे पाहिलं.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, ‘म्हणजे ताई, तुम्हालाही मी तशीच दिसते.’

मला उत्तर सुचलं नाही. मी माफी मागितली. पुढच्या आठवड्यात ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. त्या दोन आठवड्यांत मी माझ्या ज्येष्ठ समुपदेशकांकडे जाऊन ती भेट शब्द न् शब्द सांगितली. त्यांनी एवढंच विचारलं, ‘ते वचन तिच्यासाठी होतं की तुझ्या अस्वस्थपणासाठी?’

तिसऱ्या आठवड्यात ती आली, एकटी, आणि स्वतःचं पवित्र शास्त्र घेऊन. ‘तुम्ही दुसऱ्या वचनावर थांबलात,’ म्हणाली. ‘मी तिसरं वाचलं.’ तिसऱ्यात लिहिलंय की त्याला पाहून लोक तोंड फिरवत. ‘बसमध्ये माझ्या शेजारचे लोक करतात ना, अगदी तेच. तो दिसायला कसा होता ते मला माहीत नाही, ताई. पण तोंड फिरवणारा तो नव्हता. ज्याच्याकडून फिरवलं, तो होता.’

मी काही शिकवलं नव्हतं. तिनेच तसबीर उलटी केली होती.

त्यानंतर तिचे प्रश्न सुरू झाले आणि माझ्या आवडीचा विषय असल्याने मीही मोकळेपणाने बोलले. शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्राच्या चार पुस्तकांत, त्याच्या चेहऱ्याच्या ठेवणीबद्दल, उंचीबद्दल, रंगाबद्दल एक ओळही नाही. शास्त्राला दिसण्याचं वावडं असतं तर ते समजण्यासारखं होतं, पण तसंही नाही. शौल सगळ्यांपेक्षा खांद्यापासून वर उंच होता, दावीद देखणा होता, राहेल सुंदर होती, अबशालोमाच्या केसांचं वजनसुद्धा लिहून ठेवलंय, जक्कय बुटका होता म्हणून झाडावर चढला. एवढं सगळं सांगणाऱ्या ग्रंथात ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, त्याच्याबद्दल मात्र काही नाही. गेथशेमाने बागेत शिपायांना तो ओळखू यावा म्हणून त्याला धरून देणाऱ्या यहूदा या शिष्याला चुंबन घ्यावं लागलं. रात्रीची वेळ होती हे खरं, पण बारा जणांत वेगळा उठून दिसणारा माणूस असता तर खुणेची एवढी गरज पडली नसती, असं मला वाटतं. पुनरुत्थानाच्या सकाळी मग्दालीया मरीयेला तो माळी वाटला.

पहिल्या काही शतकांतल्या ख्रिस्ती पंडितांमध्ये यावर मतभेद होते. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट आणि कार्थेजचा टर्टुलियन यशयाच्या त्याच वचनावरून म्हणत की प्रभू दिसायला साधा, अनाकर्षक होता. सेल्सस नावाच्या विरोधकाने टोमणा मारला होता की देवाचा अंश ज्याच्यात होता ते शरीर म्हणे ठेंगणं आणि कुरूप! ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने सुमारे २४८ साली त्याला सविस्तर उत्तर लिहिलं. पुढे जेरोम आणि ऑगस्टीन यांनी पंचेचाळिसावं स्तोत्र पुढे केलं. त्यातला राजा मानवांत अतिसुंदर आहे. ऑगस्टीनला तर तो वधस्तंभावरही सुंदरच दिसतो. चित्रांचंही तसंच. सीरियातल्या दुरा-युरोपोस इथे तिसऱ्या शतकातलं एक घरगुती प्रार्थनास्थळ सापडलं. तिथल्या भिंतीवर पक्षाघाती माणसाला बरं करणारा येशू बिनदाढीचा, आखूड केसांचा तरुण आहे. आपल्याला माहीत असलेली लांब केसांची, दाढीची मुद्रा नंतर रूढ झाली.

तिला मी आँजेलो द फोन्सेकांची चित्रं दाखवली. गोव्यात १९०२ साली जन्मलेला हा चित्रकार पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिला. त्याने मरीयेला साडी नेसवली, ख्रिस्ताला आपल्या मातीतला चेहरा दिला आणि त्यासाठी स्वकीयांची बोलणीही खाल्ली. एका मरीयेकडे बघून ती म्हणाली, ‘ही आमच्या संगमनेरच्या मावशीसारखी आहे.’ त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली. तरी मी सांगेन की चित्र बदलून दुखणं जात नाही. सावळा येशू भिंतीवर लावला की मुलीला सावळेपण आवडायला लागतं, असं मी तरी पाहिलेलं नाही.

खरं काम नम्रतेच्या बाजूने करायचं होतं, कारण तिथेच त्या बाईंचं वाक्य रुतलं होतं.

‘मी मनाचा सौम्य व लीन आहे,’ असं येशू स्वतःबद्दल म्हणतो. मी तिला विचारलं, स्वतःला कमी लेखणारा माणूस असं म्हणेल का? मग आम्ही योहानाचा तेरावा अध्याय वाचला. भोजनावरून उठून, कमरेला रुमाल बांधून तो शिष्यांचे पाय धुतो. ते काम तेव्हा घरच्या दासाचं. पण त्याच्या आधीचं वाक्य लोक सहसा वाचत नाहीत. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिलंय, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जाणार, हे तो ओळखून होता, आणि मग उठला. आपण कोण हे ठाऊक असलेला माणूस आपणहून वाकला. दुसऱ्याने मान दाबून वाकवलं तर त्याला शास्त्र लीनता म्हणत नाही. भाजल्यामुळे कुणी नम्र होत नाही, फक्त भाजतं.

‘मग मला बोललं तर मी काय करायचं? दुसरा गाल?’ तिने विचारलं. गाल हा शब्द तिच्या तोंडून निघाला आणि आम्ही दोघी क्षणभर थांबलो.

योहानाच्या अठराव्या अध्यायात महायाजकासमोर एक शिपाई येशूला चपराक मारतो. येशू गप्प बसत नाही, उलट मारतही नाही. माझं बोलणं चुकीचं असेल तर ते दाखव, बरोबर असेल तर मारतोस का, असं शांतपणे विचारतो. मी तिला एवढंच दाखवलं की दुसरा गाल पुढे करायला सांगणाऱ्यानेच हेही केलंय.

यावरून आम्ही तिच्यासाठी उत्तरं तयार केली. चेहऱ्यावर व्रण असलेल्यांना याचा फार उपयोग होतो, कारण खरी भीती असते ती तोंडात शब्द नसण्याची. बसमध्ये कुणी टक लावून पाहिलं तर त्याच्याकडे बघून मान हलवायची. लहान मुलाने विचारलं तर, ‘लहानपणी भाजलं होतं, आता दुखत नाही. तुझं नाव काय?’ मंडळीतल्या बाईंसाठी तिने स्वतः वाक्य लिहिलं: ‘मावशी, तुम्ही प्रेमाने म्हणालात, पण ते मला लागलं.’ आरशासमोर म्हणताना सुरुवातीला आवाज फुटत नव्हता.

स्कार्फ पायरीपायरीने काढला. आधी माझ्या खोलीत दार लावून, मग दार उघडं ठेवून, मग खालच्या किराणा दुकानात, मग लॅबमध्ये जेवताना. झाकल्याने त्या क्षणी बरं वाटतं आणि भीती मात्र वाढत जाते. पण पुढची पायरी कुठली आणि कधी, हे तिनेच ठरवायचं असं आमचं ठरलं होतं. मध्येच तिने विचारलं, प्लास्टिक सर्जनला दाखवलं तर तो गर्व होईल का. मी म्हटलं, मान वळताना ओढ बसते ना, जाऊन ये. डॉक्टरांनी काय होऊ शकतं आणि काय नाही ते स्पष्ट सांगितलं. तिने अजून ठरवलेलं नाही.

एक भेट मी आईशी वेगळी घेतली. ती बराच वेळ पदराचं टोक गुंडाळत बसली. ‘ताई, स्टोव्ह मीच पेटवून बाहेर गेले होते,’ म्हणाली. वीस वर्षं फोटो उजव्या बाजूने काढवणारी, स्थळांपुढे मुलीला तिरकं बसवणारी ही बाई खरं तर स्वतःला लपवत होती. मुलीला मात्र वाटत होतं की आईला आपली लाज वाटते. हे दोघींना एका खोलीत बसवून बोलायला लावलं. त्या दिवशी मी जवळजवळ काहीच बोलले नाही.

शेवटून दुसऱ्या भेटीत ती थोमाबद्दल बोलली. व्रणांत बोट घातल्याशिवाय पुनरुत्थानावर विश्वास ठेवणार नाही, असं म्हणणारा हा येशूचा शिष्य. पुनरुत्थित शरीरावर खिळ्यांचे व्रण तसेच होते. सगळं नवं करणाऱ्याने ते पुसले नाहीत, उलट थोमाला दाखवले. ‘मी तीनदा वाचलं,’ ती म्हणाली, ‘थोमाने हात लावला असं कुठेच लिहिलेलं नाही. त्याने नुसते बघितले.’ मी इतकी वर्षं वाचत आलेय, पण हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

लग्न ठरलेलं नाही. बसमध्ये ती अजून स्कार्फ बांधते. क्वायरमध्ये मात्र परत उभी राहते, डाव्या टोकाला, म्हणजे बाकांकडे तोच गाल येतो. ती जागा तिने निवडली की रिकामी होती, हे मी विचारलं नाही.

लहानपणी आई रात्री तिच्या मानेला खोबरेल चोळायची. दहावीनंतर ते बंद झालं होतं. आता रविवारी उपासनेला निघण्याआधी आई पुन्हा लावते. त्या वेळी दोघी फारसं बोलत नाहीत, असं ती म्हणाली.